आद्य घरगुती संगणकांचा संग्रह : छंद आणि जबाबदारी

नाणी, टपाल तिकिटे, जुन्या चलनी नोटा, काडेपेट्यांवरील चित्रे यांचा संग्रह करणारी माणसे आपल्या समाजात नवीन नाहीत. रोखपालाच्या खिडकीशी येऊन एखाद्या विशिष्ट क्रमांकाची नोट मागणारा ग्राहक तर जवळजवळ प्रत्येक शाखेच्या परिचयाचा असतो. संग्राहकांच्या या जुन्या कुळात गेल्या काही दशकांत एका नव्या शाखेची भर पडली आहे. ती म्हणजे आद्य घरगुती संगणकांचा संग्रह. १९७५ ते १९९० या सुमारे पंधरा वर्षांत सामान्य कुटुंबाच्या वापरासाठी जे संगणक निर्माण झाले, ते शोधून काढणे, दुरुस्त करणे आणि चालत्या अवस्थेत राखणे, असे या छंदाचे स्वरूप आहे.

वरवर पाहता हा छंद नाण्यांच्या संग्रहासारखाच वाटतो. परंतु दोहोंत एक मूलभूत फरक आहे. सातवाहनांचे नाणे दोन हजार वर्षांनंतरही मखमली पेटीत नाणे म्हणून पूर्ण असते. त्याच्याकडून आणखी कोणतेही काम अपेक्षित नसते. संगणकाचे तसे नाही. जो संगणक सुरू होत नाही, ज्याच्या आज्ञावली नष्ट झाल्या आहेत आणि ज्याला चालविणारा जाणकार उरलेला नाही, तो केवळ प्लॅस्टिकचा डबा होय. म्हणूनच या छंदात वस्तू मिळविण्यापेक्षा वस्तू टिकविणे अधिक कठीण आणि अधिक महत्त्वाचे ठरते.

संगणक घरात कसा आला

१९७० च्या दशकाच्या प्रारंभापर्यंत संगणक ही मोठ्या संस्थांची मालमत्ता होती. वातानुकूलित दालनात त्याचे कपाटाएवढे भाग मांडलेले असत आणि प्रशिक्षित कर्मचाऱ्यांखेरीज कोणाचा त्याला हात लागत नसे. संगणकाचा मेंदू एका लहानशा चिपमध्ये सामावणे शक्य झाले, तेव्हा हे चित्र पालटू लागले. अमेरिकेतील ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ या नियतकालिकाच्या जानेवारी १९७५ च्या मुखपृष्ठावर ‘अल्टेअर ८८००’ हा संगणक झळकला. सुट्या भागांच्या स्वरूपात सुमारे ४०० डॉलरला मिळणाऱ्या या यंत्राला ना कळफलक होता, ना पडदा. पुढच्या बाजूचे खटके वरखाली करून आज्ञा द्यायची आणि लुकलुकणाऱ्या दिव्यांवरून उत्तर ओळखायचे, असा त्याचा कारभार होता. मूळ यंत्राची स्मृती होती अवघी २५६ बाइट. तरीही हौशी मंडळींनी त्याच्यासाठी रांगा लावल्या.

दोनच वर्षांनी, १९७७ मध्ये, अॅपल २, कमोडोर पेट आणि टँडी कंपनीचा टीआरएस-८० हे तीन संगणक बाजारात आले. हे जोडणी पूर्ण झालेले, कळफलक असलेले आणि दुकानातून आणून लगेच वापरता येणारे संगणक होते. घरगुती संगणकाचे युग खऱ्या अर्थाने येथून सुरू झाले, असे मानले जाते.

या यंत्रांची रचना आजच्या वाचकाला नवलाची वाटेल. त्यांपैकी अनेकांना स्वतंत्र पडदा नसे. घरातील दूरचित्रवाणी संचच पडद्याचे काम करी. माहिती साठविण्यासाठी साधा कॅसेट टेपरेकॉर्डर वापरला जाई. आज्ञावली ध्वनीच्या रूपात फितीवर नोंदविली जात असे आणि ती पुन्हा यंत्रात भरताना कर्कश शिट्ट्यांसारखा आवाज चार-पाच मिनिटे ऐकावा लागे. मात्र एका बाबतीत हे संगणक आजच्या यंत्रांच्याही पुढे होते. विजेचे बटण दाबताच दोन-तीन क्षणांत ते सज्ज होत. बेसिक ही सोपी संगणकीय भाषा त्यांच्या कायमस्वरूपी स्मृतीतच, म्हणजे रॉममध्ये, बसविलेली असे. पडद्यावर कोणतेही सुशोभित चित्र उमटत नसे. तेथे असे केवळ रिकामी जागा आणि वापरणाऱ्याच्या पहिल्या आज्ञेची प्रतीक्षा. त्यामुळे यंत्र विकत घेणारा मनुष्य आपोआपच आज्ञावली लिहू लागे. एका संपूर्ण पिढीने संगणकशास्त्राची मुळाक्षरे अशी गिरविली.

स्वस्ताईचे शास्त्र

ब्रिटनमध्ये या चळवळीने विशेष जोर धरला, तो प्रामुख्याने क्लाइव्ह सिंक्लेअर (१९४० ते २०२१) यांच्या उद्योगामुळे. सामान्य कामगाराच्या घरात संगणक जायचा असेल तर त्याची किंमत शंभर पौंडांच्या आत असली पाहिजे, हा त्यांचा हिशेब होता. १९८० मध्ये आलेल्या त्यांच्या ‘झेडएक्स ८०’ या संगणकाची किंमत ९९ पौंड ९५ पेन्स होती. पुढच्याच वर्षी ‘झेडएक्स ८१’ आला, तो ६९ पौंड ९५ पेन्स किमतीला. सुटे भाग घेऊन स्वतः जोडल्यास ४९ पौंड ९५ पेन्सला.

किमतीतील ही घट कशी साधली, हे जाणून घेण्यासारखे आहे. ‘झेडएक्स ८०’ मध्ये बाजारात सहज मिळणाऱ्या सुमारे वीस चिप होत्या. ‘झेडएक्स ८१’ मध्ये त्यांपैकी बहुतेकांचे काम फेरांटी कंपनीकडून खास तयार करून घेतलेल्या एकाच चिपकडे सोपविण्यात आले आणि संपूर्ण संगणक अवघ्या चार चिपवर उभा राहिला. त्याची स्मृती होती केवळ एक किलोबाइट, म्हणजे या लेखाचा एक परिच्छेदही तीत मावणार नाही. ती वाढविण्यासाठी मागे एक जादा पेटी लावता येई. पण तिची जोडणी इतकी सैल असे, की टेबलाला धक्का लागताच तासाभराची मेहनत पडद्यावरून नाहीशी होई. या पेटीला चिकटपट्टीने जखडून ठेवणे हा त्या काळातील घरोघरचा उपाय होता.

२३ एप्रिल १९८२ रोजी सिंक्लेअर यांचा ‘झेडएक्स स्पेक्ट्रम’ प्रकाशात आला. काळी पेटी, रबराच्या करड्या कळा आणि कोपऱ्यात इंद्रधनुष्यी पट्टे असे त्याचे रूप होते. ४८ किलोबाइट स्मृतीच्या नमुन्याची किंमत १७५ पौंड, म्हणजे त्या वेळच्या विनिमय दराने साधारणपणे तीन हजार रुपयांच्या आसपास होती. ४८ किलोबाइटमध्ये टंकलिखित इंग्रजी मजकुराची जेमतेम पंचवीस पाने मावतील. एवढ्याशा जागेत त्या काळच्या तरुणांनी खेळ, हिशेबाच्या आज्ञावली आणि संगीतसुद्धा बसविले. स्पेक्ट्रम मालिकेतील पन्नास लाखांहून अधिक यंत्रे विकली गेली. त्याच वर्षी अमेरिकेत आलेला ‘कमोडोर ६४’ तर विक्रीत त्याच्याही कितीतरी पुढे गेला. त्याची एक कोटीहून अधिक यंत्रे जगभर पोहोचली.

शाळेच्या वर्गातून भारतात

याच सुमारास ब्रिटनच्या बीबीसी या प्रसारण संस्थेने जनतेला संगणकसाक्षर करण्याचा उपक्रम हाती घेतला. दूरचित्रवाणीवरील पाठांना जोड म्हणून एक अधिकृत संगणक असावा, या हेतूने केंब्रिज येथील एकॉर्न कंपनीचे यंत्र निवडण्यात आले. १९८१ च्या अखेरीस आलेला हा ‘बीबीसी मायक्रो’ दणकट, विस्तारक्षम आणि शाळेतील मुलांचा दांडगा वापर सोसणारा होता. त्याच्या निर्मितीत सहभागी असलेल्या सोफी विल्सन आणि स्टीव्ह फर्बर यांनी पुढे एक नवी चिप आखली. २६ एप्रिल १९८५ रोजी ती प्रथम कार्यान्वित झाली. ‘आर्म’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच घराण्याच्या चिप आज बहुतेक सर्व मोबाईल फोनमध्ये असतात. मोबाईलवरून खात्यातील शिल्लक पाहणारा ग्राहक नकळत त्या शालेय संगणकाच्या वंशजाचाच उपयोग करीत असतो.

बीबीसी मायक्रोचा भारताशी थेट संबंध आला. केंद्र शासनाने १९८४-८५ मध्ये शाळांतून संगणकसाक्षरता रुजविण्यासाठी ‘क्लास’ हा प्रकल्प सुरू केला. त्याच्या पहिल्या टप्प्यात देशभरातील सुमारे २५० शाळांची निवड झाली आणि त्यांच्यासाठी बीबीसी मायक्रोच वापरण्यात आला. मोहाली येथील सेमिकंडक्टर कॉम्प्लेक्स लिमिटेड या सार्वजनिक क्षेत्रातील कंपनीने ‘एससीएल युनिकॉर्न’ या नावाने त्याची भारतीय आवृत्तीही काढली. डेसिबेल्स इलेक्ट्रॉनिक्स या कंपनीने सुधारित स्पेक्ट्रमची परवानाप्राप्त आवृत्ती १९८० च्या दशकाच्या उत्तरार्धात भारतीय बाजारात आणली होती. आज पन्नाशीत असलेल्या अनेक भारतीयांनी संगणकाची कळ प्रथम दाबली, ती अशाच एखाद्या यंत्रावर.

बँक कर्मचाऱ्यांना याच वर्षांची आणखी एक आठवण असेल. रिझर्व्ह बँकेचे तत्कालीन डेप्युटी गव्हर्नर डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८४ मध्ये बँकांच्या यांत्रिकीकरणाविषयी अहवाल दिला. त्यानंतर शाखाशाखांतून खातेवही-नोंदणीची यंत्रे, म्हणजेच ‘एएलपीएम’, दिसू लागली. घरगुती संगणक आणि शाखेतील ही यंत्रे एकाच काळाची अपत्ये होत. दोघांनाही पुढे सारखेच भाग्य लाभले. नवी यंत्रे आल्यावर जुनी अडगळीत गेली आणि अडगळीतून भंगारात.

वाचता न येणारी नोंदवही

जुनी यंत्रे जपण्याची आवश्यकता काय, असा प्रश्न व्यवहारी मनुष्य विचारील. तो रास्त आहे. आजच्या कोणत्याही फोनची क्षमता या यंत्रांच्या हजारो पटींनी अधिक आहे. या प्रश्नाचे उत्तर ब्रिटनमधील एका घटनेत सापडते.

इंग्लंडचा राजा पहिला विल्यम याने १०८६ मध्ये आपल्या राज्यातील जमिनी, गुरेढोरे आणि करपात्र मालमत्ता यांची तपशीलवार मोजणी करून घेतली. ती नोंद ‘डूम्सडे बुक’ या नावाने प्रसिद्ध आहे. या मोजणीस नऊशे वर्षे पूर्ण होत असल्याचे निमित्त साधून बीबीसीने १९८४ ते १९८६ या काळात नवी ‘डूम्सडे’ नोंद तयार केली. दहा लाखांहून अधिक लोकांनी, त्यांत शाळकरी मुले मोठ्या संख्येने होती, आपापल्या गावाची माहिती, छायाचित्रे आणि दैनंदिन जीवनाची वर्णने पाठविली. हे सारे लेसर तबकड्यांवर साठविण्यात आले आणि ते पाहण्यासाठी बीबीसी मायक्रोच्या पुढील आवृत्तीचा, म्हणजे ‘बीबीसी मास्टर’ या संगणकाचा, खास तबकडीवाचकासह उपयोग करण्यात आला.

पंधरा-सोळा वर्षांतच परिस्थिती अशी झाली, की तबकड्या होत्या पण त्या वाचू शकणारी यंत्रे दुर्मीळ झाली होती. नऊ शतकांपूर्वी चर्मपत्रावर शाईने लिहिलेली मूळ वही मात्र ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात सुस्थितीत होती आणि लॅटिन जाणणारा कोणीही ती वाचू शकत होता. अखेर संशोधकांनी २००२ मध्ये जुन्या यंत्राच्या कार्यपद्धतीचे अनुकरण करणारी आज्ञावली सिद्ध करून ती माहिती पुन्हा वाचनीय करता येते, हे दाखवून दिले. या कामाला आधार होता तो शिल्लक राहिलेल्या मूळ यंत्रांचा आणि ती जाणणाऱ्या माणसांचा.

अभिलेख जतनाचे महत्त्व बँकिंग क्षेत्रातील व्यक्तीला वेगळे सांगावयास नको. कापडी बांधणीची हस्तलिखित खातेवही पन्नास वर्षांनीही उघडून वाचता येते. सव्वापाच इंची फ्लॉपीवरील नोंद वाचण्यासाठी मात्र तिला साजेसे यंत्र लागते. जुने संगणक राखणारा संग्राहक म्हणूनच केवळ स्मरणरंजन करीत नसतो. एका विशिष्ट काळातील लिखित ठेव्याच्या कुलपाची किल्ली तो सांभाळीत असतो.

काळाची झीज

ही किल्ली झपाट्याने गंजत आहे. यंत्राचे वय चाळिशीपलीकडे गेले की त्याचे निरनिराळे भाग निरनिराळ्या कारणांनी निकामी होऊ लागतात. संग्राहकाने त्यांतील प्रमुख कारणे ओळखली पाहिजेत.

पहिला धोका वीजपुरवठ्याच्या भागात असतो. बीबीसी मायक्रो आणि अॅपल २ यांच्या वीजपुरवठ्यात धातूचा मुलामा दिलेल्या कागदाचे कपॅसिटर आढळतात. त्यांच्या पारदर्शक आवरणाला कालांतराने बारीक तडे जातात, आत हवेतील दमटपणा शिरतो आणि अनेक वर्षांनी यंत्र सुरू करताच काही मिनिटांत उग्र वासाचा दाट धूर निघतो. कमोडोर ६४ च्या वीजपुरवठ्याचा दोष अधिक घातक आहे. तो बिघडला तर पाच व्होल्टऐवजी अधिक दाब पुढे ढकलतो आणि स्मृतीच्या चिप जाळून टाकतो. स्पेक्ट्रमच्या बाबतीत सावधगिरी वेगळी आहे. त्याच्या अॅडॉप्टरच्या पिनेत मध्यभागी ऋण टोक असते. आज सर्रास मिळणाऱ्या अॅडॉप्टरमध्ये ते बहुधा धन असते. व्होल्ट जुळतात एवढे पाहून भलताच अॅडॉप्टर लावल्यास यंत्राला इजा होते.

दुसरा धोका गळतीचा. काही यंत्रांत, विशेषतः आमिगा मालिकेतील काहींत, घड्याळासाठी लहानशी पुनर्भारित होणारी बॅटरी मुख्य फलकावरच बसविलेली असते. ती फुटून पाझरली की तांब्याच्या नाजूक वाटा खाऊन टाकते. म्हणून असे यंत्र हाती येताच सर्वप्रथम बॅटरी काढून टाकणे हा नियम होय.

तिसरा धोका प्लॅस्टिक व रबराचा. सिंक्लेअरच्या यंत्रांतील कळफलकाखालचा पातळ पडदा कालौघात ठिसूळ होतो आणि घडीपाशी तुटतो. टेपरेकॉर्डरमधील रबरी पट्टे चिकट लगद्यासारखे होतात. फिकट रंगाच्या संगणकांचे आवरण पिवळे पडते, कारण त्या प्लॅस्टिकमध्ये आग रोखण्यासाठी ब्रोमीनयुक्त द्रव्ये मिसळलेली असत आणि अतिनील किरण व प्राणवायू यांचा त्यांवर परिणाम होतो. २००८ च्या सुमारास हौशी संग्राहकांनी हायड्रोजन पेरॉक्साईड व अतिनील प्रकाश यांच्या साहाय्याने मूळ रंग परत आणण्याची रीत प्रचारात आणली. मात्र हा परिणाम कायमचा नसतो, पिवळेपणा पुन्हा डोके वर काढू शकतो. द्रावण त्वचेला व डोळ्यांना अपायकारक असल्याने हातमोजे आणि चष्मा अनिवार्य आहेत.

भारतातील हवामानाचा विचार येथे वेगळा करावयास हवा. मुंबई, कोकण, गोवा, कोलकाता, चेन्नई अशा समुद्रालगतच्या किंवा दमट प्रदेशांत पावसाळ्यात कॅसेट व फ्लॉपीवर बुरशी धरते आणि चिपच्या पायांना गंज चढतो. यंत्र भिंतीपासून दूर, कपाटाच्या वरच्या भागात ठेवावे. सोबत सिलिका जेलच्या पुड्या ठेवून त्या वरचेवर बदलाव्यात. आणि वर्षातून दोन-तीन वेळा, हवा कोरडी असताना, यंत्र सुरू करून पाहावे. बुरशी आलेली कॅसेट तशीच टेपरेकॉर्डरमध्ये घालू नये, अन्यथा ती पुढच्या प्रत्येक कॅसेटला बाधते.

खरेदीपूर्वीचा विचार

नवागताने प्रारंभ सामान्य यंत्रापासून करावा. स्पेक्ट्रम किंवा कमोडोर ६४ लाखोंच्या संख्येने तयार झाल्याने त्यांचे सुटे भाग आणि मार्गदर्शन उपलब्ध आहे. ब्रिटिश यंत्रे भारतीय वीजपुरवठ्याशी जुळतात. अमेरिकन यंत्रांना मात्र ११० व्होल्टसाठी ट्रान्सफॉर्मर लागतो आणि त्यांची रंगीत चित्रपद्धतीही भिन्न असते. परदेशातून मागविताना वाहतूक खर्च आणि सीमाशुल्क यांचा हिशेब मूळ किमतीतच धरावा. जुन्या यंत्रांच्या रूपात आतून पूर्णपणे आधुनिक अशी यंत्रेही आता निघाली आहेत. स्पेक्ट्रमची अशी नवी आवृत्ती २०२४ मध्ये बाजारात आली. ती आनंददायी असली तरी मूळ वस्तू नव्हे, हे घेणाऱ्याने ध्यानात ठेवावे.

विक्रेता ‘तपासलेले नाही’ असे म्हणत असेल, तर यंत्र बंद आहे असे गृहीत धरूनच किंमत ठरवावी. त्याला ते सुरू करून दाखविण्याचा आग्रह करू नये, कारण त्या एका प्रयोगातच चांगले यंत्र जळू शकते. घरी आणल्यावर प्रथम झाकण उघडून पाहणी करावी, वीजपुरवठा यंत्रापासून वेगळा करून मल्टिमीटरने तपासावा आणि सारे योग्य दिसल्यावरच जोडणी करावी. जुन्या काचनळीच्या पडद्यात वीज बंद केल्यानंतरही घातक दाब साठून राहतो. त्याचे काम जाणकाराकडेच सोपवावे. मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दिल्लीचे नेहरू प्लेस, बंगळूरुचा एस. पी. रोड अशा बाजारपेठांतून सोल्डरिंगमध्ये निष्णात कारागीर आजही भेटतात. या छंदात त्यांचे साहाय्य अनमोल आहे.

आज्ञावलींच्या जतनास विलंब लावू नये. कॅसेटवरील आवाज संगणकावर ध्वनीच्या फाईलमध्ये उतरवून घेता येतो आणि ती फाईल पुन्हा मूळ यंत्राला ऐकवताही येते. परंतु आज्ञावली जुनी झाली म्हणून तिचा स्वामित्वहक्क संपत नाही. सिंक्लेअरचा संगणक व्यवसाय १९८६ मध्ये पन्नास लाख पौंडांना विकत घेणाऱ्या अॅमस्ट्रॅड कंपनीने स्पेक्ट्रमच्या रॉमचा अनुकरण-आज्ञावलींसोबत वापर करण्यास पुढे अनुमती दिली, म्हणूनच तो ठेवा मोकळेपणाने टिकला. असा उदारपणा सर्वत्र आढळत नाही.

किंमत आणि मूल्य

या छंदाकडे गुंतवणूक म्हणून पाहावे काय? स्टीव्ह वॉझ्निअॅक यांनी १९७६ मध्ये घडविलेला अॅपल १ त्या वेळी ६६६ डॉलर ६६ सेंट किमतीला विकला जाई. सुमारे २०० यंत्रेच तयार झाली होती. त्यांपैकी एक ऑक्टोबर २०१४ मध्ये लिलावात ९ लाख ५ हजार डॉलरला अमेरिकेतील हेन्री फोर्ड संग्रहालयाने घेतले. अशा वार्ता वाचून अनेकांना आपल्या माळ्यावरील संगणक सोन्याचा वाटू लागतो. परंतु २०० यंत्रांचा न्याय पन्नास लाख यंत्रांना लावता येत नाही. शिवाय या मालमत्तेवर व्याज मिळत नाही, उलट दुरुस्तीचा खर्च दरवर्षी येतो आणि गरजेच्या वेळी तत्काळ ग्राहक मिळेलच असे नाही. मुलांच्या शिक्षणाचा किंवा निवृत्तीचा पैसा यात घालणे शहाणपणाचे ठरणार नाही. छंदासाठी बाजूला काढलेल्या रकमेतून जेवढे जमेल तेवढेच करावे.

मूल्य मात्र वाढविता येते, आणि ते नोंदींनी. यंत्र कोठून मिळाले, आधी कोणी वापरले, त्याचा क्रमांक काय, कोणता भाग केव्हा बदलला, हे सारे एका वहीत लिहावे. काढलेला जुना भाग फेकून न देता चिठ्ठी लावून जपावा. दुरुस्ती अशी असावी, की पुढच्या अभ्यासकाला ती ओळखता यावी आणि इच्छा झाल्यास मूळ स्थितीत परतता यावे. गृहविमा घेतला असल्यास संग्रहाची स्वतंत्र यादी विमा कंपनीस कळविलेली बरी.

मालक नव्हे, विश्वस्त

संग्राहकाच्या पश्चात संग्रहाचे काय होते, हा या छंदातील सर्वांत बिकट प्रश्न आहे. मायक्रोसॉफ्टचे सहसंस्थापक पॉल अॅलन यांनी अमेरिकेतील सिएटल येथे जुने संगणक चालत्या स्थितीत पाहता व हाताळता येतील असे संग्रहालय उभारले. ते २०१२ मध्ये जनतेस खुले झाले. ऑक्टोबर २०१८ मध्ये अॅलन यांचे निधन झाले. २०२० मध्ये बंद झालेले संग्रहालय पुन्हा उघडलेच नाही आणि २०२४ मध्ये त्यातील अनेक वस्तूंचा लिलाव झाला. त्या लिलावाचे उत्पन्न सत्कार्यासाठी होते हे खरे. परंतु एकत्र जमलेली, एकमेकांसोबत चालणारी यंत्रे विखुरली, ती विखुरलीच. जगातील अतिधनाढ्यांपैकी एकाच्या संग्रहाची ही कथा, तर सामान्य घरातील कपाटाची काय असेल?

म्हणून संग्राहकाने दोन गोष्टी हयातीतच कराव्यात. पहिली, मृत्युपत्रात संग्रहाचा स्पष्ट उल्लेख करावा. बँक खात्याला नामनिर्देशन असते, कपाटातील संगणकाला ते नसते. घरच्यांना त्याचे महत्त्व माहीत नसेल, तर आवराआवर करताना तो पहिल्याच दिवशी भंगारवाल्याच्या हातगाडीवर चढेल. दुसरी, ज्ञानाचा वारस तयार करावा. केंब्रिज येथील ‘सेंटर फॉर कंप्युटिंग हिस्टरी’ किंवा ब्लेचली पार्क येथील राष्ट्रीय संगणक संग्रहालय यांचे सामर्थ्य केवळ त्यांच्या यंत्रांत नाही. तेथे मुले जुन्या कळफलकांवर बसून स्वतः आज्ञावली लिहितात, हेच त्यांचे खरे सामर्थ्य होय. आपल्याकडेही एखाद्या शाळेच्या अडगळीत, एखाद्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत किंवा निवृत्त अधिकाऱ्याच्या माळ्यावर असे यंत्र पडून असण्याचा संभव आहे. ते भंगारात देण्यापूर्वी एखाद्या जाणकाराला दाखवावे, एवढी विनंती अवाजवी ठरू नये.

बँकेत येणारा पैसा बँकेकडे ठेव म्हणून असतो. ती तो विश्वासाने सांभाळते आणि वेळ येताच परत देते. जुन्या संगणकाच्या संग्राहकाची भूमिका याहून फारशी वेगळी नाही. एका पिढीने त्याच्याकडे ठेवलेली ठेव त्याला पुढच्या पिढीकडे पोहोचवायची असते. बटण दाबताच जुन्या पडद्यावर जेव्हा पुन्हा तीच रिकामी जागा उमटते आणि समोर बसलेली बारा वर्षांची मुलगी पहिली आज्ञा टंकलिखित करते, तेव्हा ती ठेव व्याजासह परत झाली असे समजण्यास हरकत नाही.